बुडेलच्या जमिनीखालचं जस्त: जिवाणूंनी शुद्ध केलेल्या भूजलाचं एक प्रकरण

नेदरलँड्सच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या सीमेला जवळजवळ टेकून बुडेल-डोरप्लाइन नावाची वसाहत आहे. १८९२ मध्ये डोर बंधूंनी तिथे जस्ताचा कारखाना काढला आणि वसाहतीच्या नावातही त्यांचं आडनाव कायमचं बसलं. वाळूचं माळरान, विरळ वस्ती, जवळून जाणारा कालवा आणि रेल्वे. धुराच्या धंद्याला याहून सोयीची जागा त्या काळात कुणी मागितली नसती. पुढे सुमारे ऐंशी वर्षं इथे भट्टीत खनिज भाजून आणि कोळशासोबत तापवून जस्त काढलं गेलं. मागे उरायची राख. तिच्यात न निघालेलं जस्त असायचं, शिसं असायचं, कॅडमियम असायचं. ही राख कारखान्याच्या आवारात साठली आणि केम्पेन या सगळ्या भागात रस्त्यांना, अंगणांना भराव म्हणूनही पसरली, कारण ती स्वस्त होती आणि छान दबून बसायची.

१९७३ मध्ये जुनी पद्धत बंद झाली आणि विजेच्या साहाय्याने जस्त काढणारा नवा कारखाना सुरू झाला. हवेतला त्रास कमी झाला, पण जमिनीत जे मुरलं होतं ते मुरलेलंच राहिलं. वाळूची जमीन धातूला फारसं धरून ठेवत नाही. पावसाचं पाणी खाली जाताना जस्त आणि कॅडमियम सोबत घेऊन जातं आणि खनिजातल्या गंधकापासून झालेलं सल्फेटही घेऊन जातं. असं पाणी एका जागी थांबत नाही. भूजलाच्या उतारावरून ते हळूहळू सरकत राहतं, कारखान्याची हद्द ओलांडतं, ओढ्यांकडे आणि पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांकडे निघतं.

त्यावर उपाय ठरला तो विहिरींचा. दूषित पाण्याच्या वाटेत विहिरी घ्यायच्या आणि इतकं पाणी सतत उपसायचं की जमिनीखालचा प्रवाह बाहेर जाण्याऐवजी विहिरींकडेच वळेल. म्हणजे पाण्याचाच बांध. या उपायाची एक अट मात्र कठोर आहे: उपसा थांबवता येत नाही. वर्षानुवर्षं, रात्रंदिवस पाणी वर येत राहणार, आणि त्यात दर लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम जस्त, १ मिलिग्रॅमच्या आसपास कॅडमियम आणि १,००० मिलिग्रॅमच्या घरात सल्फेट असणार. ते स्वच्छ केल्याशिवाय सोडायचं कुठे?

चुना का पुरला नाही

धातूंच्या सांडपाण्यावर पहिला उपाय म्हणून कुणीही चुन्याचंच नाव घेईल. चुना टाकला की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो, धातूंची हायड्रॉक्साइडं होतात आणि त्यांचा साका खाली बसतो. पद्धत जुनी, स्वस्त आणि सोपी आहे. तिला नावं ठेवण्यात मला रस नाही, अनेक ठिकाणी ती आजही योग्यच आहे. पण बुडेलच्या पाण्यापुढे ती तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण जस्त आणि कॅडमियम यांच्या स्वभावाची. जस्ताचं हायड्रॉक्साइड सामू ९ ते १० च्या दरम्यान सर्वांत कमी विरघळतं. कॅडमियमला ११ च्या जवळ जावं लागतं. आणि तिथे गेलं की बसलेलं जस्त पुन्हा विरघळायला लागतं. एकाला खाली बसवावं तर दुसरा उठून उभा राहतो. पाणी नदी-ओढ्यात सोडण्याची मर्यादा मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत खाली आली की ही ओढाताण परवडत नाही.

दुसरी अडचण सल्फेटची. चुन्यातलं कॅल्शियम सल्फेटला जिप्समच्या रूपात खाली आणतं खरं, पण जिप्सम स्वतःच पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. जिप्समने संपृक्त झालेल्या पाण्यातही सल्फेट लिटरमागे दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतं. बुडेलच्या विहिरीचं पाणी मुळातच त्याखाली होतं. म्हणजे कितीही चुना ओतला तरी सल्फेट जवळजवळ जागचं हलणार नाही.

तिसरी अडचण गाळाची, आणि माझ्या मते खरी गोम तीच आहे. हायड्रॉक्साइडचा गाळ फुगीर असतो, पाणी धरून ठेवतो, त्यात चुनाही मिसळलेला असतो. त्यातून जस्त परत काढणं किफायतशीर होत नाही, म्हणून तो पुरावा लागतो. एका जमिनीतलं विष काढून दुसऱ्या जमिनीत ठेवायचं, आणि तिथेही त्याची राखण करत बसायची.

सल्फेटचा श्वास घेणारे

१८९५ मध्ये डेल्फ्टच्या मार्टिनुस बायरिंक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एक विलक्षण जिवाणू दाखवून दिला होता. आपण अन्न जाळायला ऑक्सिजन वापरतो, हा जिवाणू सल्फेट वापरतो. ऑक्सिजन वापरला की पाणी तयार होतं, सल्फेट वापरलं की सल्फाइड. डबक्याच्या तळाचा काळा चिखल आणि त्याला येणारा सडक्या अंड्यासारखा वास ही याच मंडळींची करणी. चिखल काळा दिसतो कारण त्यातलं लोह सल्फाइडच्या तावडीत सापडलेलं असतं.

या काळ्या चिखलातच बुडेलच्या प्रश्नाचं उत्तर होतं. जस्त आणि कॅडमियम यांची सल्फाइडं हायड्रॉक्साइडांच्या तुलनेत कितीतरी पट कमी विरघळतात आणि त्यासाठी सामू टोकाला न्यावा लागत नाही, तो सातच्या आसपास असला तरी चालतं. दोन्ही धातू एकाच वेळी, एकाच टाकीत बसतात. शिवाय ज्या सल्फेटवर चुना हात टेकतो, तेच या जिवाणूंचं श्वासाचं साधन. पाण्यातला एक दूषित घटक वापरून दुसरा काढायचा, असं हे गणित आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो वारंवार दिसतो. हे जिवाणू धातू खात नाहीत. त्यांचा धातूंशी थेट संबंध जितका कमी येईल तितकं त्यांच्यासाठी बरं, कारण मोकळं जस्त त्यांनाही विषारीच आहे. ते फक्त सल्फाइड बनवतात. टाकीत सल्फाइड सतत जास्तीचं शिल्लक असेल तर येणारं जस्त जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच साक्यात अडकतं. जिवाणू आपल्याच श्वासाने स्वतःभोवती कवच उभं करतात म्हणा ना. हे कवच टिकलं तर संयंत्र चालतं, विरलं तर सगळं कोसळतं.

टाकी, अन्न आणि सहवासी

कारखाना तेव्हा बुडेल्को या नावाने चालत होता. शेल या तेल कंपनीच्या संशोधकांनी कारखान्यासोबत आधी ९ घनमीटरच्या प्रायोगिक टाकीत हा विचार तपासला. मग १९९२ मध्ये, फ्रीसलँडमधल्या पाकेस या कंपनीच्या सहभागाने, पूर्ण आकाराचं संयंत्र सुरू झालं. मुख्य टाकी १,८०० घनमीटरची आणि क्षमता दिवसाला सुमारे ७,००० घनमीटर पाण्याची. भागाकार करून पाहिला तर पाणी टाकीत जेमतेम सहा तास राहतं. जिवाणूंच्या कामासाठी हा वेळ फारच थोडा वाटतो, पण टाकीची रचना पाहिली की उलगडा होतो.

ही यूएएसबी पद्धतीची, म्हणजे ऑक्सिजनशिवाय गाळाच्या थरातून पाणी वर चढवणारी टाकी. गात्से लेटिंगा यांनी वागेनिंगेनच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात ती विकसित केली, साखर कारखान्यासारख्या ठिकाणच्या सांडपाण्यासाठी. पाणी तळातून आत येतं आणि वर चढतं. जिवाणूंचा गाळ जड असल्याने तळाशी जाडजूड थर करून राहतो, पाणी त्यातून झिरपत जातं. पाणी सहा तासांत बाहेर पडलं तरी जिवाणू आत महिनोन्‌महिने मुक्काम करतात. सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंकडून भरभर काम करून घ्यायचं तर त्यांना वाहून जाऊ न देणं हाच मार्ग.

भूजलात जिवाणूंना खायला काही नसतं, म्हणून अन्न बाहेरून द्यावं लागतं. इथे इथेनॉल, म्हणजे साधं अल्कोहोल, निवडलं गेलं. ते शुद्ध मिळतं, पाण्यात सहज मिसळतं, मात्रा अचूक देता येते आणि मागे घाण ठेवत नाही. पण सल्फेट वापरणारे पुष्कळसे जिवाणू इथेनॉल अर्धवटच पचवतात आणि ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप, सोडून देतात. ते तसंच बाहेर गेलं तर धातू काढले पण सेंद्रिय भार वाढवला, असं व्हायचं. बुडेलच्या गाळात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही होते आणि ते हे ॲसिटेट संपवत. म्हणजे काम एका जातीच्या जिवाणूचं नव्हतं, वस्तीचं होतं. प्रयोगशाळेतला निवडक, शुद्ध वाण घेऊन येणाऱ्या माणसाने ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वाहत्या, उघड्या, रोज बदलणाऱ्या पाण्यात एकटा वाण टिकत नाही.

आकडे मांडून पाहिले तर

पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या संयंत्राचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. लिटरला १०० मिलिग्रॅम जस्त आणि दिवसाला ७,००० घनमीटर पाणी, म्हणजे रोज ७०० किलो जस्त. एवढं जस्त बांधायला जेवढं सल्फाइड लागतं ते सुमारे १,००० किलो सल्फेटपासून मिळतं. पण सल्फेटही १,००० वरून २०० मिलिग्रॅमच्या खाली आणायचं होतं, म्हणजे रोज ५,६०० किलोच्या आसपास सल्फेट पचवायचं. याचा अर्थ तयार होणाऱ्या सल्फाइडपैकी जस्ताला लागतो तो पाचवा हिस्सा. उरलेल्या चार हिश्श्यांमध्ये रोजचं दीड टन गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात पाण्यात मोकळं राहतं.

इथेच मला या प्रकरणाचं मर्म दिसतं. फक्त धातू काढायचे असते तर एक टाकी पुरली असती. सल्फेटही काढायचं ठरलं आणि समस्येचं केंद्र हललं. हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू आहे. कमी प्रमाणात त्याचा वास लगेच येतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला, धोका टळला. असं पाणी ओढ्यात सोडता येत नाही, उघड्या टाकीत ठेवता येत नाही आणि त्यात नुसती हवा फुंकताही येत नाही.

म्हणून दुसरी टाकी, आणि तिच्यात दुसऱ्या स्वभावाचे जिवाणू. हे सल्फाइड आणि ऑक्सिजन घेऊन जगतात. त्यांना ऑक्सिजन भरपूर दिला तर ते सल्फाइडचं पुन्हा सल्फेट करून टाकतात, म्हणजे पहिल्या टाकीतलं सगळं इथेनॉल वाया. ऑक्सिजन हात आखडून दिला तर ते अर्ध्या वाटेवर थांबतात आणि घन गंधक बाहेर टाकतात. ही अर्धी वाट कशी पकडायची यावर केस बाउसमन यांनी वागेनिंगेनमध्ये काम केलं होतं, १९८९ चा त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे. तीन वर्षांत ते ज्ञान प्रबंधातून कारखान्यात आलं.

इथेनॉलचा हिशेब असा: रासायनिक समीकरणानुसार एक किलो सल्फेटला सुमारे ३२० ग्रॅम इथेनॉल लागतं. ५,६०० किलोला रोज १,८०० किलो. प्रत्यक्षात थोडं जास्तच, कारण मिथेनवाल्यांचाही वाटा असतो आणि जिवाणूंना स्वतः वाढायलाही अन्न लागतं. संयंत्र चालवण्याच्या खर्चात हा आकडा ठळक दिसतो. जिवाणूंचा उपाय म्हणजे फुकटचा उपाय, असं ज्याला वाटत असेल त्याने हा एकच आकडा समोर ठेवावा.

दुसऱ्या टाकीनंतर पाणी तिरक्या पत्र्यांच्या निवळण टाकीत जातं आणि शेवटी वाळूच्या गाळणीतून. धातूंच्या सल्फाइडचे कण फार बारीक असतात, ते आपोआप बसत नाहीत. रसायनशास्त्राने जिंकलेली लढाई गाळणी नीट नसेल तर इथे हरता येते, कारण निघताना पाण्यात जे थोडं जस्त सापडतं त्यातलं बरंच विरघळलेलं नसून तरंगणाऱ्या कणांतलं असतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जस्त लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या खाली, कॅडमियम ०.०१ च्या खाली आणि सल्फेट २०० च्या खाली आलं.

गाळाला घर होतं

आता मुख्य गोष्ट. हे संयंत्र बुडेलमध्ये जमलं त्याचं श्रेय जिवाणूंइतकंच शेजारच्या भट्टीला आहे.

जस्ताचा कारखाना कच्चा माल म्हणून काय विकत घेतो? जस्ताचं सल्फाइड. खाणीतून येणारं स्फॅलेराइट हे खनिज म्हणजे मुख्यतः तेच. नव्या पद्धतीतही ते आधी भट्टीत भाजतात, जस्ताचं ऑक्साइड वेगळं होतं आणि गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होऊन त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं. जिवाणूंच्या टाकीतून निघणारा गाळही जस्ताचं सल्फाइडच, सोबत घन गंधक. तो सरळ भट्टीत परत जातो. गंधकाचं आम्ल होतं, जस्ताचं जस्त होतं, कॅडमियमही कारखान्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणात वेगळं निघतं. शंभर वर्षांपूर्वी जमिनीत गेलेला माल पुन्हा कच्चा माल होऊन कारखान्याच्या दारातून आत येतो. पुरायला काही उरत नाही.

हीच रचना भट्टी नसलेल्या ठिकाणी उभी केली तर? पाणी तितकंच स्वच्छ निघेल, पण हातात मिश्र धातूंचा सल्फाइड गाळ राहील. तो उघड्यावर पडला तर हवा आणि पाण्याच्या संगतीने पुन्हा आम्ल सोडू लागेल आणि धातू परत विरघळतील. म्हणून अशा कुठल्याही प्रस्तावात मी पहिला प्रश्न जिवाणूंचा नाही, गाळाचा विचारेन: तो कोण घेणार, कोणत्या शुद्धतेला, आणि त्याने तसं लिहून दिलं आहे का. जस्त आणि तांबं एकत्र असतील तर टप्प्याटप्प्याने सामू बदलून त्यांना वेगळं बसवता येतं, कारण तांब्याचं सल्फाइड बरंच आम्ल असलेल्या पाण्यातही बसतं आणि जस्ताला त्याहून वरचा सामू लागतो. पण त्यासाठी सल्फाइड एका टाकीत बनवून दुसऱ्या टाकीत वापरावं लागतं, सगळं एकत्र घुसळून चालत नाही.

धातू कोणता, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. षट्‌संयुजी क्रोमियम सल्फाइड म्हणून बसत नाही. त्याचं आधी त्रिसंयुजी क्रोमियम करावं लागतं, मग ते हायड्रॉक्साइड होऊन बसतं. आर्सेनिकचं सल्फाइड जास्त सल्फाइड आणि वरचा सामू मिळाला की पुन्हा विरघळतं. पारा तर वेगळंच प्रकरण: काही जिवाणू त्याला धातुरूपात आणून वाफेसारखा सोडून देतात, म्हणून तिथे वायू पकडण्याची सोय आधी हवी. मेलेल्या शैवालाच्या किंवा बुरशीच्या पेशींवर धातू चिकटवून घेण्याचा मार्गही गेल्या शतकाच्या अखेरीस बराच गाजला होता, त्याची उत्पादनं बाजारातही आली. प्रयोगशाळेत तो उत्तम चालतो. औद्योगिक पाण्यात मात्र कॅल्शियम आणि इतर आयन तीच जागा अडवतात, आणि राळेच्या मण्यांवर धातू पकडणारी आयन-अदलाबदल त्याच कामाला अधिक भरवशाची ठरली.

दुसरी पायरी

१९९९ मध्ये बुडेलच्या कारखान्यात आणखी एक जैविक टाकी आली, ५०० घनमीटरची. ही भूजलासाठी नव्हती, कारखान्याच्या चालू प्रक्रियेतून निघणाऱ्या आम्लयुक्त, धातूयुक्त पाण्यासाठी होती. त्यावर आधी चुना वापरून धातू मिसळलेला जिप्सम तयार व्हायचा आणि तसा कचरा साठवण्यावरचे निर्बंध घट्ट होत चालले होते. सल्फेट इथे भूजलापेक्षा फार जास्त, त्यामुळे इथेनॉलचा खर्च झेपणारा नव्हता. नैसर्गिक वायूपासून वाफेच्या साहाय्याने हायड्रोजन बनवून तो जिवाणूंना दिला गेला. एक किलो सल्फेटला सुमारे ८३ ग्रॅम हायड्रोजन पुरतो. वायू तळातून सोडायचा, त्याच्या बुडबुड्यांनी पाणी फिरत राहतं, म्हणून पंखे किंवा ढवळणी लागत नाही.

पण हायड्रोजन एकट्या सल्फेटवाल्यांनाच आवडतो असं नाही. संयंत्र सुरू करतानाच मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव त्यावर हात मारू लागले. पहिल्या टाकीत जे सहवासी म्हणून उपयोगी ठरले तेच इथे वाटेकरी झाले. या स्पर्धेत सल्फेटवाल्यांचं बलस्थान एक आहे: हायड्रोजन अगदी कमी असतानाही ते तो उचलू शकतात, मिथेनवाल्यांना तेवढ्यावर भागत नाही. म्हणून जिवाणूंना पोटभर खायला घालण्याचा मोह आवरावा लागतो. टाकीत हायड्रोजनची टंचाई ठेवली तर तो योग्य तोंडी जातो. मुबलक दिला की मिथेनच्या रूपाने उडून जातो. संयंत्र चालवणाऱ्याला हे रोज, मोजमापांकडे पाहत करावं लागतं आणि दुसऱ्या बाजूला हेही पाहावं लागतं की टंचाई इतकी होऊ नये की सल्फाइडच कमी पडेल आणि आत येणारं जस्त मोकळं सुटून जिवाणूंना मारेल. या दोन कडांमधली जागा अरुंद आहे.

अन्न देणारा पंप एक दिवस बंद पडला तर काय होतं याचा अंदाज त्यावरूनच येतो. सल्फाइड काही तासांत संपतं, जस्त येतच राहतं, वस्ती बाधित होते, आणि सावकाश वाढणारे जिवाणू पुन्हा उभे राहायला आठवडे घेतात. चुन्याच्या टाकीत पंप दुरुस्त केला की काम लगेच पूर्ववत होतं. म्हणून इथे राखीव पंप, पाणी काही काळ थोपवून धरणारी टाकी आणि विरजणापुरता राखून ठेवलेला जिवंत गाळ या तीन गोष्टी अंदाजपत्रकातून कापल्या जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बुडेलचा कारखाना पुढे नायरस्टार कंपनीकडे गेला. जानेवारी २०२४ मध्ये विजेचे दर आणि इतर खर्च परवडेनात म्हणून तिथलं उत्पादन काही महिने थांबवण्यात आलं. अशा थांब्यात भट्टी थंड होते, पण पाऊस पडतच असतो, जमिनीखालचं पाणी सरकतच असतं आणि ते अडवायचं तर विहिरींचा उपसा चालूच ठेवावा लागतो. गाळाचं घर बंद असताना त्याला हवेपासून झाकून, ओला ठेवून, किती महिने सांभाळता येईल, त्यासाठी किती मोठी टाकी बांधावी, हा आकडा अशा प्रत्येक संयंत्राच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेला असावा लागतो.